पियर हेड स्थानक (लिव्हरपूल)

इंग्लंडमधील लिव्हरपूल शहरात मर्सी नदीच्या काठी असलेले, आता पाडून टाकलेले उन्नत (म्हणजे रस्त्याच्या वर खांबांवर उभारलेले) रेल्वे स्थानक. ‘लिव्हरपूल ओव्हरहेड रेल्वे’वरचे हे स्थानक ६ मार्च १८९३ रोजी प्रवाशांसाठी खुले झाले. विजेवर धावणारी ही जगातली पहिली उन्नत रेल्वे. उद्घाटन ब्रिटनचे माजी पंतप्रधान लॉर्ड सॉल्झबरी यांच्या हस्ते महिनाभर आधीच उरकले होते.

शहराचा सगळा कारभार गोद्यांवर चाले. मुंबईचा कापूसही इथेच उतरे. गोदीच्या रस्त्यावर घोडागाड्यांची आणि मालाची इतकी कोंडी होई की माणसांसाठी वाट वरूनच काढावी लागली. रस्त्यापासून साधारण १६ फुटांवर लोखंडी खांबांच्या आधाराने रूळ टाकले. रुळांखाली सलग लोखंडी पत्रा असल्याने पावसात गोदी कामगार त्याच्या आडोशाने कोरडे चालत. म्हणून नाव पडले ‘गोदीवाल्यांची छत्री’. लाडाचे नाव ‘ओव्ही’. मराठी कानाला ते भलतेच गोड लागते, पण अर्थ फक्त ‘ओव्हरहेड’.

पियर हेडचे महत्त्व जागेमुळे. इथला धक्का तरंगता होता, कारण भरती-ओहोटीत मर्सीचे पाणी दहा मीटरपर्यंत चढते-उतरते. पलीकडच्या बर्कनहेडहून बोटीने आलेला माणूस धक्क्यावरून चालत येऊन गाडी पकडे. रॉयल लिव्हर बिल्डिंग (१९११) आणि तिच्या शेजारच्या इमारती मागाहून उठल्या आणि स्थानक व नदी यांच्या मधे आल्या. बाकी मार्गावर मात्र गोदीच्या उंच भिंतीपलीकडची जहाजे डब्यातूनच दिसत. १८९७ मध्ये चलच्चित्रांचे फ्रेंच आद्य प्रवर्तक ल्युमिएर बंधू यांच्या छायाचित्रकाराने धावत्या गाडीतून या गोद्यांचे चित्रीकरण केले.

छत्री सडली ती खालून. रुळांखालून बंदराची मालवाहू रेल्वे जाई. तिच्या इंजिनांची वाफ आणि धूर पत्र्याला खालून लागे, वरून समुद्री हवा आणि पाऊस. लोखंड गंजत गेले. १९४१ च्या बॉम्बहल्ल्यांतही मार्गाचे बरेच नुकसान झाले, पण ते दुरुस्त होऊन गाड्या पुन्हा धावल्या. गंजापुढे इलाज चालला नाही. १९५५ च्या पाहणीत दुरुस्तीचा खर्च सुमारे २० लाख पौंड निघाला. १९४८ च्या राष्ट्रीयीकरणात ही खासगी कंपनी सरकारी रेल्वेत गेलीच नव्हती, त्यामुळे सरकारची तिजोरी पाठीशी नव्हती. महापालिका आणि बंदर मंडळ यांनीही पैसा दिला नाही. ज्यांच्या गोद्यांसाठी ही रेल्वे उभी राहिली आणि ज्यांच्या इंजिनांच्या धुराने ती खाल्ली, त्यांनीच हात वर करावेत हे खटकते.

३० डिसेंबर १९५६ च्या रात्री शेवटच्या गाड्या धावल्या. सप्टेंबर १९५७ पासून सांगाडा उतरवायला घेतला आणि जानेवारी १९५९ पर्यंत लोखंड भंगारात गेले. पियर हेड स्थानकाची जागेवर काही खूण उरलेली नाही. मार्गावर इतरत्र, वॉपिंग गोदीच्या भिंतीत काही खांब दिसतात, आणि ३ क्रमांकाचा डबा पियर हेडवरच्याच लिव्हरपूल संग्रहालयात उंचावर उभा आहे.