आई कामाला गेली की मुलं बिघडतात?

पूर्वी बायका घरीच असायच्या म्हणून मुलांना वळण लागलं, आता आई नोकरीला जाते म्हणून ती बिघडतात, असं कोकणात आजही छातीठोकपणे सांगतात. यातलं पहिलंच वाक्य खोटं आहे. हर्णै बंदरावरून मासळी घेऊन बाजारात विकणाऱ्या, भरपावसात लावणी करणाऱ्या, कारखान्यात काजू सोलणाऱ्या आमच्या बायका घरी बसल्या होत्या कधी? घरधनी परळ-लालबागला गिरणीत. १९८२च्या संपात मनीऑर्डरी आटल्या तेव्हा कित्येक घरं यांच्याच कष्टांवर तगली. पोरं आजीपाशी वाढली.

दुसऱ्या वाक्याचंही तेच. हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या कॅथलीन मॅकगिन यांनी सहकाऱ्यांसोबत २९ देशांतली माहिती तपासली. कमावत्या आईच्या मुली मोठेपणी स्वतः कमावण्याची शक्यता जास्त दिसली. मुलगे घरच्यांची काळजी घ्यायला जास्त वेळ देतात. मोठेपणीच्या समाधानात मात्र फरक आढळला नाही.

अर्थात मुलं आईबापांची नक्कलच करतात असंही नाही. ज्याला वडील फक्त गणपती-शिमग्याला दिसले, तो स्वतः बाप झाल्यावर रत्नागिरीतली कमी पगाराची नोकरी मुद्दाम धरू शकतो. म्हणून मुलाची तक्रार आली की आधी आईच्या नोकरीकडे बोट दाखवणं थांबवा, आणि वडील घरात काय करतात तेही विचारा.