वर्गाबाहेर उभे करणे: शिक्षा की सुटका?

गेल्या आठवड्यात कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतील एका शाळेत गेलो असता, गणिताच्या तासाला बाहेर काढलेला सातवीतला एक मुलगा व्हरांड्यात कागदाचा बोळा पायाने खेळवताना दिसला. खाली मैदानावर फुटबॉलचा सराव चालला होता, आत अपूर्णांकांचा भागाकार. पोरगा मजेत होता.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींवर बंदी घातली. त्यामुळे ‘बाहेर उभा राहा’ हा अनेकांना सौम्य उपाय वाटतो. मात्र वर्तनशास्त्रात शिक्षा तिच्या कठोरपणावरून ठरत नाही. जिच्यामुळे वर्तन पुढे कमी होते ती शिक्षा, आणि ज्यामुळे ते वाढते ते प्रबलन. अमेरिकी वर्तनशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांच्या ‘ऋण प्रबलन’ या संज्ञेचा अर्थ शिकलेसवरलेले लोकही ‘शिक्षा’ असाच लावतात. वास्तविक, नकोशी गोष्ट टळल्यामुळे एखादे वर्तन बळावणे, एवढाच तिचा अर्थ आहे. डास चावू लागल्यावर आपण पंखा वाढवतो, चावणे थांबते, आणि पुढच्या वेळी हात आपोआप बटणाकडे जातो. ज्या मुलाला गणित येत नाही, त्याच्यासाठी बाकावर पट्टी आपटणे हे असेच बटण असते. गंमत अशी की, तो बाहेर जाताच वर्ग शांत होतो, म्हणजे नकोसा गोंगाट टळून गुरुजींचेही बाहेर काढण्याचे वर्तन बळावते. दोघे नकळत एकमेकांना शिकवत राहतात.

१९७७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात, त्रागा करणाऱ्या सहा वर्षांच्या स्वमग्न मुलीला वेगळे ठेवल्यावर तिचा त्रागा वाढला, कारण एकटेपणी तिला आवडीच्या हालचाली करायला मोकळीक मिळत होती. दुसऱ्या मुलाच्या बाबतीत, तो जिथून बाहेर काढला जाई तेथील वातावरण रंजक केल्यावरच बाहेर काढण्याचा परिणाम झाला.

अशा मुलाची दृष्ट काढणारे पालक आणि प्रत्येक खोडीमागे ‘डोपामिन’ हे मेंदूतले रसायन शोधणारे समुपदेशक, दोघेही खोडीच्या आधी आणि नंतर काय घडले हे पाहत नाहीत. शाहू महाराजांनी १९१७ साली मुलांना वर्गात आणण्यासाठी सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा हुकूम काढला त्या कोल्हापुरात तरी एवढे पाहायला हरकत नसावी.

व्हरांड्यातल्या मुलाच्या शिक्षिकेने माझ्या सांगण्यावरून आठवडाभर तशी नोंद ठेवली. त्या आठवड्यात तो चारदा बाहेर गेला. चारही वेळा फळ्यावर उदाहरण सोडवायची पाळी त्याच्या बाकापर्यंत येत होती.