वजन उतरलं, की अंग झडलं?

दिवाळीनंतर आमचे मोठे बाबा हरभऱ्याच्या ओलितात अडकले. थ्री फेजची लाईन रात्रीची. दहाला घर सोडायचे, स्प्रिंकलरचे पाइप बदलत पहाट व्हायची. ओलित नसलं त्या रात्री रानडुकरांपायी जागल. त्यात शुगर निघाली म्हणून डॉक्टरांनी वजन कमी करायला सांगितलेलं. जेवण अर्ध्या भाकरीवर आणि पातळ वरणावर आलं. संक्रांतीला किराणा दुकानाच्या काट्यावर उभे राहिले आणि खुशीत म्हणाले, "पाय बापू, चार किलो उतरलो!"

पोट मात्र होतं तिथंच होतं. बारीक झाले होते ते बनियानातून दिसणारे दंड. बाजेवरून उठताना दोन्ही हात टेकावे लागत होते.

चरबी गेली तरी आपण 'उतरला' म्हणतो, मांस झिजलं तरी 'उतरला'च. काट्यालाही दोन्ही सारखंच. पण शुगरवाल्या माणसाला हा घोळ महागात पडतो. जेवणानंतर रक्तातली साखर ओढून घेण्याचं मोठं काम स्नायू करतात. ज्याच्यासाठी वजन उतरवायचं, त्याच कामाचा गडी आपण घालवून बसतो. साठीनंतर स्नायू तसेही झिजत असतात आणि गेलेले लवकर भरून येत नाहीत.

यात झोपेचा संबंध काय? शिकागो विद्यापीठातल्या संशोधकांचा 2010 सालचा एक प्रयोग आहे. वजन जास्त असलेल्या 10 जणांना 14 दिवस बेतानं जेवण दिलं. एका खेपेला अंथरुणात साडेआठ तास, दुसऱ्या खेपेला साडेपाच. दोन्ही वेळा वजन साधारण 3 किलोच उतरलं. पण पुरेशा झोपेत त्यातली चरबी 1.4 किलो होती, अपुऱ्या झोपेत फक्त 0.6. उरलेलं बहुतेक चरबीखेरीजचं, म्हणजे पाणी, स्नायू वगैरे. माणसं मोजकी होती आणि चाळिशीच्या आसपासची, आपल्या सत्तरीतल्या बुढ्यांसारखी नव्हेत, हे खरं. पण ज्याची स्नायूंची शिल्लक आधीच कमी, त्याला असा तोटा जास्त लागेल, असं मला वाटतं.

शिवाय झोप तुटली की भूक वाढवणारं घ्रेलिन हे संप्रेरक (हार्मोन) चढतं आणि पोट भरल्याचं सांगणारं लेप्टिन उतरतं, असं काही अभ्यासांत दिसलंय. जागलीवर दोन वाजता थर्मासमधला गोड चहा आणि सोबत टोस्ट का लागतो, ते त्यातून कळतं. "दुपारी भरून काढतो," असं मोठे बाबा म्हणायचे. पण दिवसाच्या उजेडात, कलकलाटात लागलेली झोप तुटक असते. रात्रीची भरपाई त्यात होत नाही. पासष्टीनंतरही 7-8 तास लागतातच. 'म्हाताऱ्याला झोप कमी लागते' हा आपला गैरसमज आहे. लागते तेवढीच, फक्त सलग येत नाही.

घरी ओळखायचं तर काटा सोडा, पट्ट्याचं भोक पाहा. कंबर आत गेली आणि हातपाय तसेच राहिले, तर चरबी गेली. कंबर तीच आणि पोटरी सैल झाली, तर अंग झडलं. खुर्चीवर बसवून, हात छातीशी धरून, पाच वेळा उठबस करायला सांगा. 15 सेकंदांहून जास्त लागले तर ताकद कमी झाली असं समजा.

प्रयत्न न करताच वजन गेलं असेल, तर ही तुलना बाजूला ठेवा. 60 किलोच्या माणसाचे सहा महिने ते वर्षभरात 3 किलो आपसूक गेले, तर दवाखाना गाठायचा; टीबी, थायरॉईड, काहीही असू शकतं. वाढलेली शुगर तर रात्री चारदा लघवीला उठवते आणि वजनही खाते. तिथं झोप मोडल्यानं वजन गेलेलं नसतं, दोन्ही एकाच दुखण्यानं नेलेलं असतं.

आमच्याकडे आता जागल पाळीपाळीनं आहे. मोटारीला ऑटो स्टार्टर बसवला, पाइप बदलायला मी जातो. डॉक्टरांना विचारून जेवणात प्रथिनं वाढवली. मोठे बाबा माळकरी, अंड्याचं नाव काढू देत नाहीत; दात उरले नाहीत म्हणून हरभरे मऊ उकडून द्यावे लागतात.