रात्री विमान उतरताना दिवे का मंद करतात?

रात्रीचं विमान उतरायला लागलं की केबिनमधले दिवे मंदावतात, खिडकीची झडप वर करायला सांगतात. वीज वाचवायला किंवा झोपमोड होऊ नये म्हणून हे करतात, असं बऱ्याच जणांना वाटतं. खरं कारण आपल्या डोळ्यांत आहे.

घरात अचानक लाइट गेली की आधी काहीच दिसत नाही. मग हळूहळू दाराची चौकट, कपाटाची कड उमटू लागते. अंधुक उजेडात पाहण्याचं काम दृष्टिपटलावरच्या दंडपेशी करतात. त्यांच्यातलं रोडॉप्सिन हे रंगद्रव्य प्रखर उजेडात विरतं आणि पुन्हा पुरतं तयार व्हायला २० ते ३० मिनिटं घेतं.

उतरताना विमानाला आग लागली, तर एवढा वेळ कुठला मिळायला? ४४पेक्षा जास्त आसनांच्या विमानातून सगळे ९० सेकंदांत बाहेर पडू शकतात, हे विमान बनवणाऱ्या कंपनीला आधी सिद्ध करावं लागतं, तेही अंधारात आणि निम्मीच दारं वापरून. २००६ मध्ये हॅम्बुर्गला एअरबस ए-३८० ची अशी चाचणी झाली. ८७३ माणसं ७८ सेकंदांत बाहेर आली. दिवे आधीच मंद केले, तर डोळ्यांची निम्मी तयारी तरी झालेली असते. आणि झडप उघडी असली की आग कोणत्या बाजूला आहे, कोणतं दार उघडायचं नाही, हे आतून दिसतं. २ जानेवारी २०२४ च्या संध्याकाळी टोकियोच्या हानेदा विमानतळावर जपान एअरलाइन्सचं विमान पेटलं. बाहेर अंधार पडलेला, आतली उद्घोषणा यंत्रणा बंद. कर्मचाऱ्यांनी कर्णे घेऊन ओरडून सूचना दिल्या आणि आठपैकी फक्त तीन दारांतून सगळ्या ३७९ जणांना सुखरूप बाहेर काढलं.

पण धुरापुढे सरावलेले डोळेही हरतात, आणि हे फार मोठी किंमत मोजून कळलं. २ जून १९८३ ला एअर कॅनडाच्या विमानात मागच्या शौचालयाजवळ आग लागली. अमेरिकेतल्या सिनसिनाटीला विमान उतरलं, दारं उघडली, ताजी हवा आत शिरली आणि दीड मिनिटाच्या आत केबिन भडकली. ४६ पैकी २३ जण गेले. गरम धूर वर चढतो आणि छतापासून खाली भरत येतो, त्यामुळे नेमके छतावरचे दिवेच सगळ्यात आधी झाकले जातात. वाट दाखवणारा उजेड पायाशी हवा, हा नियम अमेरिकेत पुढच्याच वर्षी झाला.

वाटेच्या कडेने जमिनीवर गेलेली ती फिकट, हिरवट-पांढरी पट्टी आठवते का? कित्येक विमानांत तिला वायरच नसते. तिच्यातलं स्ट्रॉन्शियम ॲल्युमिनेट केबिनचा उजेड शोषून घेतं आणि अंधारात तासन्‌तास हिरवं चमकतं. म्हणून दिवसाच्या पहिल्या उड्डाणाआधी, प्रवासी चढण्यापूर्वी, रिकाम्या केबिनमधले सगळे दिवे लावून ठेवतात.

मी जागेवर बसलो की पुढच्या आणि मागच्या दारापर्यंतच्या रांगा मोजतो. खाली वाकून सरकताना आसनांच्या पाठी हाताला लागतात, त्या अंधारातही मोजता येतात.