ब्रेक कूलिंग डक्ट

ब्रेक कूलिंग डक्ट : धावत्या मोटारीच्या पुढच्या भागावर आदळणारी हवा नळीतून ब्रेकच्या डिस्कपर्यंत (चाकाबरोबर फिरणाऱ्या व दोन्ही बाजूंनी पॅड दाबून थांबविल्या जाणाऱ्या तबकडीपर्यंत) पोहोचविणारी व्यवस्था. तिला ‘वातनलिका’ म्हणता येईल. पण गॅरेजात तो शब्द कोणी ओळखणार नाही, म्हणून या नोंदीत ‘डक्ट’च ठेवला आहे.

उगम : तो कोठून धरावा, हे व्याख्येवर अवलंबून आहे. डक्ट हे डिस्क ब्रेकचे अपत्य मानले, तरी डिस्कचा आरंभ कोणता हा प्रश्न उरतोच. इंग्रज अभियंते फ्रेडरिक लँचेस्टर यांचे डिस्क ब्रेकचे इंग्लंडमधील पेटंट १९०२ चे आहे. अमेरिकेत क्रॉस्ली कंपनीने १९४९-५० च्या सुमारास छोट्या गाड्यांना डिस्क बसविल्या. शर्यतींत मात्र डिस्कचा दबदबा १९५३ साली फ्रान्समधील ल मां येथील २४ तासांची शर्यत जग्वार सी-टाइप मोटारीने जिंकल्यावर वाढला. दुसऱ्या बाजूने पाहता, १९३० नंतरच्या दशकातील शर्यतीच्या गाड्यांत ड्रमच्या (ज्याच्या आतून ‘शू’ नावाचे घर्षणाचे तुकडे दाबले जातात, त्या डब्यासारख्या जुन्या ब्रेकच्या) मागच्या पत्र्याला हवा आत घेणारी तोंडे दिसतात. ड्रम बंदिस्त असतो आणि तापल्यावर फुगून शूपासून दूर जातो. त्यामुळे वाऱ्याची निकड त्यालाच आधी भासली असणार. या कारणाने ड्रमकडून आलेली परंपरा अधिक ग्राह्य वाटते. बंपरपासून लवचिक नळी ओढण्याची आजची पद्धत बहुधा डिस्कनंतरची असावी.

उष्णतेचा हिशेब : ब्रेक लावणे म्हणजे गतिज ऊर्जेची उष्णता करणे. १,००० किग्रॅ. वजनाची गाडी ताशी १२० किमी. वरून ६० किमी. वर आणली, की सुमारे ४१५ किलोज्यूल ऊर्जा ब्रेकमध्ये उतरते. त्यातला ७० टक्के वाटा पुढच्या दोन डिस्कांचा धरला आणि प्रत्येक डिस्क ५ किग्रॅ. ची मानली, तर एकदा ब्रेक दाबल्यावर डिस्कचे तापमान साधारण ६०° से. ने चढते. रस्त्यावर पुन्हा ब्रेक दाबेपर्यंत ती निवते. शर्यतीच्या ट्रॅकवर पुढचे वळण काही सेकंदांतच येते आणि उष्णता साठत जाते. मग एक तर पॅडची पकड सुटते, नाही तर ब्रेक ऑइल उकळून त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल तळाला जाते. डॉट ३ या प्रतीच्या ब्रेक ऑइलचा किमान उत्कलनबिंदू नव्या स्थितीत २०५° से. आणि ओलावा शोषल्यावर १४०° से. असतो, डॉट ४ चे हेच आकडे २३०° व १५५° आहेत. तेव्हा ताजे ऑइल आणि ट्रॅकला साजेसे पॅड आधी, डक्ट नंतर. पुष्कळ हौशी लोक हा क्रम उलटा लावतात.

बसविणे : पोकळ, म्हणजे दोन पृष्ठांमध्ये पाती असलेली डिस्क फिरताना पंख्यासारखी वागते, मधल्या भागातून हवा ओढते आणि कडेने बाहेर फेकते. म्हणून नळीचे टोक डिस्कच्या मध्याकडेच वळले पाहिजे. एकाच पृष्ठावर वारा मारल्यास दोन बाजू असमान तापतात आणि डिस्क वाकण्याची किंवा तडकण्याची शक्यता वाढते. पोकळी नसलेल्या डिस्कला डक्टचा लाभ कमी.

हवा घेण्याचे तोंड बंपरच्या पुढच्या, दाब जास्त असलेल्या भागात ठेवतात. फॉग लॅम्पची जागा त्यासाठी सोयीची. खडे अडविण्यास जाळी लावतात. नळी ५० ते ७५ मिमी. व्यासाची, तारेचे वेढे असलेल्या सिलिकॉन-काचतंतूची घेतात. साधा प्लास्टिक पाइप डिस्कजवळ वितळतो. डिस्कमागचा धूळपत्रा कापून किंवा बदलून त्यावर नळीचे तोंड बसवितात व होज क्लिपने आवळतात. खरी कसोटी मार्ग काढण्यात आहे. गाडी जॅकवर चढवून स्टिअरिंग दोन्ही बाजूंना टोकापर्यंत फिरवून पाहावे लागते, आणि सस्पेन्शन दबलेले असतानाही तपासावे लागते. नळी टायर, ड्राइव्हशाफ्ट वा ब्रेकच्या होजला घासता कामा नये.

कोल्हापूर परिसर : येथे कौशल्य मुबलक आणि ट्रॅक दूर, अशी स्थिती आहे. शिवाजी उद्यमनगरात पत्रा कापणे, वेल्डिंग, लेथकाम ही कामे हाकेच्या अंतरावर होतात. शिरोली व गोकुळ शिरगावच्या फौंड्र्यांमुळे बीड हा धातू गावाच्या अंगवळणी पडलेला आहे, आणि बहुतेक डिस्क करड्या बीडाच्याच असतात. मोहिते रेसिंग अकॅडमीचा ट्रॅक गो-कार्टचा. कार्टला सहसा मागच्या आसावर एकच डिस्क असते व डक्टची गरज पडत नाही. पूर्ण मोटारीसाठी कोइम्बतूरचा कारी मोटर स्पीडवे किंवा चेन्नईजवळील इरुंगाट्टुकोट्टैचा ट्रॅक गाठावा लागतो.

गगनबावड्याहून करूळ घाट उतरताना ब्रेक तापतात म्हणून डक्ट बसविण्याचा विचार केला जातो. तो फारसा उपयोगी नाही. घाटात वेग कमी असल्याने नळीत पुरेशी हवा शिरत नाही. तेथे इंजिनानेच वेग आवरणारा खालचा गियर लागतो.

कायदा : मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतील मूळ तपशिलांशी विसंगत ठरणारे बदल करता येत नाहीत. बंपर न कापता फॉग लॅम्पच्या जागेत बसणारे, काढता येणारे तोंड त्यामुळे सोयीचे पडते. ट्रॅकवरून परतीच्या प्रवासात आणि पावसाळ्यात ही तोंडे झाकणाने बंद ठेवतात, म्हणजे चिखलपाणी तापलेल्या डिस्कवर उडत नाही.