कोकम

कोकम हा सह्याद्रीच्या पश्चिम उतारावरच्या दमट सदाहरित जंगलांतला मूळचा फळवृक्ष आहे. त्याचे शास्त्रीय नाव गार्सिनिया इंडिका, कुल क्लुसिएसी. मँगोस्टीन हे याच गार्सिनिया प्रजातीतले (जीनस) फळ. कोकणात नावांची वाटणी पक्की आहे: झाडावरचे फळ तो रातांबा, वाळवलेली साल ते आमसूल आणि खारवलेला रस ते आगळ. गोव्यात फळाला भिरंड आणि सुक्या सालीला सोल म्हणतात. सोलकढीतले ‘सोल’ हेच. शहरात मात्र सगळ्यालाच सरसकट कोकम म्हणतात.

झाड १० ते १५ मीटर वाढते. फांद्या खाली झुकलेल्या, शेंडा निमुळता, कोवळी पालवी तांबूस. नर आणि मादी झाडे वेगळी असतात. बी लावून वाढवलेले झाड सात-आठ वर्षांनी फुलते आणि तेव्हा कळते की ते नर आहे. अशी निम्मी तरी निघतात, म्हणून आता मादी झाडांची कलमे लावतात. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने ‘कोकण अमृता’ आणि ‘कोकण हातिस’ हे वाण दिले आहेत. सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीच्या कोकमाला भौगोलिक मानांकन मिळाले आहे.

फळ लिंबाएवढे, पिकले की गर्द लाल-जांभळे होते. आत आंबटगोड गरात पाच ते आठ बिया असतात. पण मोल आहे ते सालीला. आमसूल करताना रातांबे फोडून गर-बिया बाजूला काढतात. गराच्या रसात मीठ घालून त्यात साली बुडवायच्या, उन्हात वाळवायच्या, पुन्हा बुडवायच्या. साली काळ्याशार आणि मऊ होईपर्यंत हे पाच-सात वेळा चालते. याला कडक ऊन हवे, आणि नेमकी इथेच अडचण आहे. फळे एप्रिलमध्ये पिकू लागतात, पण बराचसा बहर मेअखेरीस हाती येतो. वळवाची एक सर आली तरी अर्धवट सुकलेल्या सालींना बुरशी धरते. उशिरा पिकलेले रातांबे तर झाडाखालीच कुजतात. पाऊस तोंडावर आला की आगळ किंवा सरबत करणे शहाणपणाचे.

माशाच्या कालवणात आणि आमटीत आमसुले पडतात. ती चिंचेपेक्षा सौम्य आंबट असतात आणि रस्सा दाट करत नाहीत. आगळ, नारळाचे दूध, लसूण आणि मिरची यांची सोलकढी होते. सालींच्या वाट्यांत साखर भरून बरणी उन्हात ठेवली की सुटलेला पाक म्हणजे अमृत कोकम.

बियाही वाया जात नाहीत. त्या कुटून पाण्यात उकळल्या की वर तवंग येतो. तो थिजल्यावर मुठीने गोळे वळतात, म्हणून त्याला मुठेल म्हणायचे. थंडीत भेगाळलेल्या टाचांना ते लावतात. सामान्य तापमानाला ते घट्टच राहते. याच गुणामुळे युरोपीय संघाच्या नियमांनुसार चॉकलेटमध्ये कोको बटरखेरीज ५ टक्क्यांपर्यंत चालणाऱ्या सहा वनस्पतिजन्य स्निग्धांत कोकमाचाही समावेश आहे.