परवचा, फळा आणि फोन: रोजच्या सुविचाराची पार्श्वभूमी

कोकणातल्या कुठल्याही जिल्हा परिषद शाळेत सकाळच्या परिपाठाला उभे राहिले की क्रम साधारण ठरलेला दिसतो: राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, प्रार्थना, सुविचार, दिनविशेष, बातम्या, बोधकथा. सुविचार फळ्याच्या वरच्या बाजूला, तारखेजवळ लिहिलेला असतो आणि तो वाचायला अर्धे मिनिटही लागत नाही. तोवर शिक्षकांच्या, पालकांच्या आणि मुंबईतल्या चाकरमान्यांच्या फोनवर तसलेच आणखी पाच-दहा येऊन पडलेले असतात: पहाटे उठा, शिस्त लावा, अमुक उद्योगपतीने काय केले, तमुक खेळाडूने काय सोसले. रोज एक धडा घेण्याची ही रीत फोनने आणलेली नाही. ती बरीच जुनी आहे आणि जुन्या रूपात तिला दोन बाजू होत्या: सकाळी घ्यायचा धडा आणि संध्याकाळी द्यायचा हिशेब. सकाळची बाजू आज उदंड वाढली आहे. संध्याकाळची मात्र गळत गेली, आणि धडा अंगी न लागण्याचे मुख्य कारण आमच्या मते तेच आहे.

कोकणी घरात हा हिशेब दिवेलागणीला होई. देवापुढे निरांजन, तुळशीपुढे पणती लागली की मुले हातपाय धुऊन पडवीत ओळीने बसत आणि परवचा सुरू होई. आधी शुभंकरोती, रामरक्षा, भीमरूपी, मग वार, महिने, तिथी, 27 नक्षत्रे, शेवटी पाढे. पाढे म्हणजे नुसते बे ते तीस नव्हेत, पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकीसुद्धा, म्हणजे पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड आणि अडीच यांचे पाढे. पाव-अर्ध्याचा हिशेब बाजारात तोंडी करायचा असे, म्हणून दिडकी ही रोजच्या उपयोगाची गोष्ट होती. झोपाळ्यावरचे आजोबा डोळे मिटून बसलेले असत, पण दिडकीत साताला साडेदहाच्या जागी कोणी साडेनऊ म्हटले की झोपाळा थांबे आणि त्या मुलाला पाढा पहिल्यापासून म्हणावा लागे. यात चार गोष्टी एकत्र आल्या होत्या. वेळ घड्याळाला नव्हे तर दिव्याला बांधलेली होती. रोजचा वाटा लहान होता. म्हणणे मोठ्याने होते. आणि चूक तिथल्या तिथे पकडणारा कान हजर होता. या चारांतली एक जरी सुटली तरी पाठांतर पोकळ होते.

सगळ्या घरांत परवचा याच रूपात नव्हता, हे सांगितले पाहिजे. लिहिण्या-वाचण्याचा हक्कच ज्यांना नाकारला होता, त्यांच्यातल्या अनेकांनी भजनातून आणि अभंगांतून तीच शिस्त धरली. मंडणगड तालुक्यातल्या आंबडव्याचे रामजी सकपाळ कबीरपंथी होते. घरात अभंग आणि दोहे म्हटले जात, मुलांना रामायण-महाभारतातला भाग सगळ्यांसमोर वाचून दाखवावा लागे. बाबासाहेब आंबेडकरांनी स्वतः या वाचनाबद्दल लिहून ठेवले आहे.

घरोघरच्या या पाठांतरात मनाच्या श्लोकांचे स्थान वेगळे. आजच्या भाषेत ज्याला माइंडसेट म्हणतात, त्यावरचा मराठीतला हा सर्वांत पद्धतशीर पाठ. समर्थ रामदासांनी (1608 ते 1681) रचलेले हे 205 श्लोक लोकांना नव्हे, स्वतःच्या मनाला उद्देशून आहेत. उपदेश ऐकणारा आणि करणारा एकच असल्यामुळे तो टोचत नाही. वृत्त भुजंगप्रयात, प्रत्येक चरणात 12 अक्षरे, तीच चाल चार वेळा. चालता चालता, जात्यावर, भिक्षेच्या फेरीत म्हणता येईल असे हे माप आहे आणि म्हणून ते अक्षरओळख नसलेल्या माणसालाही पाठ होई. तिसरा श्लोक तर वेळच नेमून देतो: प्रभाते. रोज 5 श्लोक म्हटले तर 41 दिवसांत एक आवर्तन पूर्ण होते आणि पुन्हा पहिल्यावर येता येते. आवर्तन हा शब्द इथे महत्त्वाचा आहे. फोनवरचा सुविचार रोज नवा असतो, श्लोक मात्र परत परत तोच असतो. आज वरवर गेलेला दीड महिन्याने पुन्हा समोर येतो.

अलिबाग तालुक्यातल्या रेवदंड्याचे नानासाहेब धर्माधिकारी यांनी 1943 पासून सुरू केलेली श्रीबैठक याच धाग्यातली. तिचा आधार रामदासांचाच दासबोध: 20 दशक म्हणजे विभाग, प्रत्येकात 10 समास म्हणजे प्रकरणे, एकूण 200 समास. बैठक आठवड्याची, वार आणि वेळ ठरलेली, निरूपण समासाला धरून. रोजच्या धड्यापेक्षा आठवड्याचा धडा टिकतो, याचे कोकणातले सर्वांत मोठे उदाहरण म्हणून बैठकीकडे पाहावे लागते. मध्ये सहा दिवस मिळतात ते ऐकलेले वागून पाहायला.

यशस्वी माणसांकडून शिस्त शिकायची, हा दुसरा प्रवाह इंग्रजी शिक्षणाबरोबर आला. रत्नागिरीचे जिल्हा नगर वाचनालय 1828 मधले आणि चिपळूणचे लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर 1864 मधले. असल्या वाचनालयांतून चरित्रे हातोहाती जाऊ लागली. सॅम्युएल स्माइल्स यांचे स्वावलंबनावरचे प्रसिद्ध पुस्तक 1859 सालचे. त्याचा उगमही व्याख्यानांत आहे: लीड्स शहरातल्या कामगार तरुणांच्या अभ्यासमंडळापुढे दिलेली ती भाषणे होती. गरिबीतून वर आलेल्या माणसांची लहान लहान चरित्रे देऊन एकेक गुण पटवायचा, हा आजच्या प्रेरणादायी व्हिडिओचा साचा तिथे पक्का झाला.

पण त्याही आधी अमेरिकेतले मुत्सद्दी आणि शास्त्रज्ञ बेंजामिन फ्रँकलिन यांनी जे केले ते जास्त बारकाईने पाहण्यासारखे आहे, कारण त्यात हिशेबाची बाजू शाबूत आहे. ऐन तरुणपणी त्यांनी 12 गुणांची यादी केली. एका स्नेह्याने तुम्ही गर्विष्ठ वाटता असे सांगितल्यावर नम्रता हा तेरावा घातला. छोट्या वहीत प्रत्येक गुणाला एक पान. पानावर लाल शाईने सात उभे रकाने, वारांचे, आणि तेरा आडव्या ओळी, गुणांच्या. दिवसभरात ज्या गुणात चूक झाली त्या चौकोनात रात्री काळा ठिपका. सगळे गुण एकदम सुधारायचे नाहीत. एका आठवड्यात एकाच गुणावर लक्ष, बाकीच्यांचे ठिपके पडतील तसे पडू द्यायचे. 13 आठवड्यांत एक फेरी, वर्षात चार. सकाळचा प्रश्न होता, आज कोणते चांगले काम करू. रात्रीचा, आज कोणते केले. ठिपके खोडून खोडून कागदाला भोके पडू लागली तेव्हा त्यांनी तक्ता हस्तिदंती पानांच्या टिपणवहीवर उतरवला: लाल रेघा कायमच्या, ठिपके शिसपेन्सिलीचे, फेरी संपली की ओल्या स्पंजाने पुसायचे. त्यांना सर्वांत जड गेला तो व्यवस्थितपणा, वस्तू आणि कामे जागच्या जागी ठेवणे, आणि तो जमला नाही हेही त्यांनी लिहून ठेवले. सुविचारांच्या चित्रांवर फ्रँकलिन यांची वाक्ये पुष्कळ फिरतात. भोके पडलेला कागद मात्र कोणी दाखवत नाही.

कोकणातल्या मोठ्या माणसांचेही असेच झाले आहे. महर्षी धोंडो केशव कर्वे मुरुडचे. वयाच्या सतराव्या वर्षी परीक्षेसाठी ते मित्रांबरोबर कुंभार्ली घाटातून साताऱ्यापर्यंत सुमारे 110 मैल चार दिवसांत चालत गेले आणि वयाने लहान दिसतो म्हणून त्यांना परीक्षेला बसूच दिले नाही. याचा सुविचार होतो ‘हार मानू नका’. चरित्रात त्यापुढचे आहे आणि ते जास्त कामाचे: नंतर पुन्हा परीक्षा देऊन ते पास झाले, पुढे पुण्याजवळच्या हिंगण्यातल्या विधवांच्या आश्रमासाठी कॉलेजातले शिकवणे आटोपून रोज पायपीट करत राहिले. भारतरत्न मिळाले 1958 मध्ये, शंभराव्या वर्षी.

चिपळूण परिसरातले पांडुरंग वामन काणे मुंबईत वकिली करत. धर्मशास्त्राच्या इतिहासाचा त्यांचा पहिला खंड 1930 मध्ये आला, शेवटचा 1962 मध्ये. पाच खंड मिळून साडेसहा हजारांवर पाने. भागाकार करून पाहिला तर 32 वर्षे रोज अर्ध्या पानाहून जरासे जास्त. अर्धे पान ही शाळकरी मुलालाही झेपणारी गोष्ट आहे. 32 वर्षे ही नाही. फळ्यावर लिहायचेच असेल तर हा भागाकार लिहावा, मुलांकडून करून घ्यावा.

1932 साली धुळ्याच्या तुरुंगात या दोन्ही प्रवाहांचा संगम झाला. पेण तालुक्यातल्या गागोद्याचे विनोबा भावे 21 फेब्रुवारी ते 19 जून या काळात दर रविवारी गीतेच्या एका अध्यायावर बोलले: 18 रविवार, 18 अध्याय. ऐकणारे कैदी होते, साधे कार्यकर्ते. आणि दापोली तालुक्यातल्या पालगडचे साने गुरुजी ते शब्द टिपून घेत होते. त्यांनी टिपले म्हणून ‘गीता प्रवचने’ हे पुस्तक झाले. नेमका वार, ठरलेला वाटा आणि लिहून घेणारा हात, तिन्ही तिथे होते.

त्यानंतरचा प्रवास भराभर झाला. शाळांत परिपाठ रुळला. आकाशवाणीवर सकाळी चिंतन ऐकू येऊ लागले. मालवणच्या जयंत साळगावकरांनी 1973 मध्ये कालनिर्णय काढले आणि पानामागचा मजकूर वाचायची सवय घराघरांत गेली. मोबाइल आल्यावर एका एसएमएसमध्ये रोमन लिपीची 160 अक्षरे मावत, देवनागरीची फक्त 70. म्हणून मराठी सुविचार बराच काळ रोमन लिपीत आणि तुटक होऊन फिरला. व्हॉट्सअ‍ॅपने मापाची अट उठवली आणि मजकुराचे चित्र झाले. चित्र झाले की वाक्य पुस्तकापासून सुटते. कोणीतरी खाली ओळखीचा चेहरा लावतो, पुढचा तेच नाव खरे धरतो. 2018 मध्ये भारतात एकावेळी पाचच जणांना किंवा गटांना संदेश पुढे पाठवण्याची मर्यादा आली, ती अफवांमुळे. चुकीच्या नावाने फिरणाऱ्या सुविचारांना तिने फारसा आळा बसला नाही. साधी कसोटी अशी: वाक्याखाली नाव आहे पण कोणत्या पुस्तकात, कोणत्या भाषणात, याचा पत्ता नाही, तर ते फळ्यावर त्या नावाने लिहू नये.

याच वाटेने ‘21 दिवसांत सवय लागते’ हेही घरोघरी पोचले. मॅक्सवेल मॉल्ट्झ या प्लास्टिक सर्जनने 1960 मध्ये लिहिले होते ते एवढेच की रुग्णाला नव्या चेहऱ्याची सवय व्हायला निदान 21 दिवस लागतात. निदान हा शब्द वाटेत गळला. लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी 96 जणांवर 12 आठवडे पाहणी केली, तेव्हा सवय आपोआप घडू लागायला लागलेला मधला आकडा 66 दिवस आला, आणि माणसागणिक तो 18 पासून 254 पर्यंत पसरलेला होता (12 आठवड्यांपलीकडचे आकडे गणिताने काढलेले अंदाज). एखादा दिवस चुकल्याने फारसे बिघडले नाही. एकविसाव्या दिवशी जमले नाही म्हणून वही टाकून देणाऱ्या मुलाला हे आकडे दाखवणे फार गरजेचे आहे.

शाळेत किंवा घरात धडा परत नीट बसवायचा असेल तर जुन्या रचनेतूनच मांडणी मिळते. आठवड्याला एकच ओळ, 8 ते 12 शब्दांची, शेवटच्या बाकावरून वाचता येईल एवढ्या अक्षरात. सोमवारी तिच्यातून एक कृती ठरवायची, मोजता येईल अशी: ‘मन लावून अभ्यास’ नको, ‘जेवणाआधी पाच गणिते’ चालेल. कृती घड्याळाला बांधू नये. पावसात लाईट जाते, एसटी उशिरा येते, सहाचे सात होतात. दिवा लावणे, जेवणाचे ताट घेणे, गोठ्यातून परत येणे यांतले काहीतरी धरावे. रात्री वहीत सात रकान्यांपैकी त्या दिवसाच्या रकान्यात खूण, आणि शनिवारी ती वही घरातल्या किंवा वर्गातल्या एका माणसाने दोन मिनिटे पाहायची. बहुतेक ठिकाणी गाडी अडते ती इथेच. ओळ लिहिणारे पुष्कळ असतात, शनिवारी बसणारे कोणी नसते.

कोरा राहिलेला रकाना मागाहून भरू नये. महिन्याने वही उघडली की कोरे दिवस कुठे गोळा झालेत ते दिसते: भातलावणीत, गणपतीच्या आठवड्यात, की वादळानंतर गावात वीज नव्हती तेव्हा. पुढच्या महिन्याची कृती त्यावरून लहान करायची की तिची वेळ बदलायची, ते ठरते.